वाघाला पुरून उरतं, पोत्यात सापडतं

खवले मांजराला धोका जाणवला की ते पळत नाही आणि चावतही नाही. डोकं पोटाशी घेतं, त्यावर शेपूट लपेटतं आणि मोठ्या कलिंगडाएवढा घट्ट गोळा होऊन पडून राहतं. वरून सगळे खवले, एकावर एक चढलेले, मंगलोरी कौलांसारखे. बिबट्याने पंजा मारला तर नखं खवल्यांवरून घसरतात, दात रोवायला जागाच मिळत नाही. थोडा वेळ तो गोळा इकडून तिकडे लोळवतो आणि कंटाळून निघून जातो. हा उपाय लाखो वर्षं चालला. माणसाला मात्र दात रोवायचेच नसतात. तो गोळा पडलेल्या नारळासारखा उचलतो, पोत्यात घालतो आणि पोत्याचं तोंड बांधतो.

गोव्यातले अनेक विलक्षण प्राणी याच पेचात सापडले आहेत. ज्या युक्तीवर त्यांची पिढ्यान् पिढ्या गुजराण झाली, तीच युक्ती आता त्यांना पकडून देते. म्हणून प्रत्येकाची युक्ती कशी चालते ते आधी पाहू. ती कळली की धोका नेमका कुठून येतो आणि कुळागरात (म्हणजे माड-पोफळीच्या बागेत), शेतात, रस्त्यावर काय बदलता येईल, तेही दिसतं.

खवले मांजर: कौलारू अंगाचा मुंगीखाऊ

नावात मांजर आहे, पण तोंडात एकही दात नाही. तरी नाव अगदीच चुकलेलं म्हणता येणार नाही, कारण सस्तन प्राण्यांच्या वंशवृक्षात त्याची फांदी मांसभक्षकांच्या, म्हणजे मांजर-कुत्र्यांच्या फांदीशेजारीच फुटते. जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत, चार आशियात आणि चार आफ्रिकेत. आपल्याकडची ती भारतीय खवले मांजर. वजन साधारण 10 ते 15 किलो, आणि त्यातला पाचवा हिस्सा नुसत्या खवल्यांचा.

हे खवले केराटिनचे असतात. आपली नखं, गायीची शिंगं, डोक्यावरचे केस ज्या पदार्थाचे, तोच हा पदार्थ. खवल्यांच्या औषधी गुणांबद्दल कोणी काही सांगू लागला, तर न्हाव्याच्या दुकानात जमिनीवर पडलेलं औषध फुकट मिळतं, एवढं त्याला सांगावं.

अन्न म्हणजे मुंग्या, वाळवी आणि त्यांची अंडी. पुढच्या पायांच्या लांब, वाकड्या नखांनी ते वारूळ फोडतं. चालताना हीच नखं झिजू नयेत म्हणून पुढचे पाय आत मुडपून टाकतं. वारूळ फुटलं की चिकट जीभ आत जाते. या जिभेचं मूळ आपल्यासारखं घशात नसतं, ते पार छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी असतं. खाताना नाकपुड्या आणि कान मिटता येतात, पापण्या जाड असतात, त्यामुळे मुंग्यांचे चावे फारसे लागत नाहीत. चावण्याचं काम पोट करतं. मुंग्यांबरोबर गिळलेले बारीक खडे आणि रेती पोटात जात्यासारखी फिरतात.

गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि गावोगावी सातेरीच्या रूपात तिची पूजा होते. जिला आपण देवी मानून हात लावत नाही, तीच या प्राण्याची शिधासामग्री. जिथे रोयणी शाबूत, तिथे त्याला खायला कमी नाही.

आता धोका. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी बसून फिरतं, आणि संकट आलं की आई त्याला पोटाशी घेऊन गोळा होते. म्हणजे एक मादी उचलली की पुढची पिढीही त्याच पोत्यात जाते. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्याला थोडी शिकारसुद्धा भारी पडते. खवल्यांचा मोठा बाजार पूर्व आशियात होता. 2016 मध्ये सगळ्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली, 2020 मध्ये चीनने अधिकृत औषधयादीतून खवले काढून टाकले. चोरटा व्यापार मात्र चालू राहिला, आणि आपल्याकडे त्याला ‘जिवंत खवले मांजर कोटींना जातं’, ‘त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं’ असल्या अफवांची जोड मिळाली. भारतात हा प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत.

दुसरा धोका कमी बोलला जातो, तो विजेच्या कुंपणाचा. दक्षिण आफ्रिकेत हा प्रकार नीट नोंदला गेला आहे. तिथलं खवले मांजर मागच्या दोन पायांवर चालतं, त्याचं मऊ पोट खालच्या तारेला लागतं, झटका बसतो. झटका बसल्यावर दुसरा प्राणी उडी मारून मागे जाईल. हे मात्र आपली जुनी युक्ती वापरतं आणि तारेभोवतीच गोळा होतं. मग दर झटक्याला आणखी घट्ट होत जातं. आपलं खवले मांजर चारही पायांवर चालतं, पण पोट त्याचंही बिनखवल्याचं आणि गोळा होण्याची सवयही तीच. डुकरांसाठी कुळागराला तार लावणाऱ्यांनी म्हणून दोन गोष्टी पाहाव्यात. घरच्या विजेची थेट जोडणी कधीही नको. ती बेकायदा आहे आणि माणसालाही मारते. सौर यंत्रावरच्या कुंपणात झटका क्षणभराचा असतो, तरी सर्वांत खालची तार वीतभर उंचीवर असेल तर खवले मांजर तिच्यात अडकू शकतं. डुक्कर अडवायला खालची तार लागतेच, ही अडचण खरी. निदान रानाच्या बाजूला, रोयणींजवळ ती थोडी वर घ्यावी आणि सकाळी दिवस वर येण्याआधी कुंपणाला एक फेरी मारावी.

अंगणात खवले मांजर आलंच तर: कुत्रे बांधा, दिवे मंद करा, गर्दी हटवा आणि वाट मोकळी ठेवा. बहुतेक वेळा ते गोळा उलगडून आपल्या वाटेने जातं. जखमी असेल किंवा विहिरीत, टाकीत अडकलं असेल तरच वन खात्याला बोलवा, आणि माणसं येईपर्यंत बादलीत किंवा पिंजऱ्यात घालू नका. ताण आणि चुकीचं अन्न यांनी ते कोंडलेल्या अवस्थेत पटकन दगावतं. दूध, केळी, अंडी यातलं काहीही देऊ नका. फोटो टाकायचाच असेल तर गावाचं नाव आणि जागा टाकू नका, कारण तो फोटो शिकारीही पाहतो.

पिवळा बेडूक: चार रात्रींचा नवरदेव

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस पडला की शेतात साचलेल्या पाण्यात लिंबासारखे पिवळेधमक बेडूक दिसू लागतात. हा आपला मोठा भारतीय बेडूक. एरवी तो शेवाळी-तपकिरी असतो, पाठीवर फिकट रेघ. पिवळा होतो तो फक्त नर, आणि तेही विणीच्या काळापुरता. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या गर्द निळ्या होतात. ओरडताना त्या फुग्यासारख्या फुगतात आणि आवाज दूरवर जातो. वर्षाचा सगळा संसार या मोजक्या रात्रींत उरकायचा असतो, कारण साचलेलं उथळ पाणी आटायच्या आत अंड्यांचे बेडूकमासे आणि बेडूकमाशांचे बेडूक व्हायला हवेत. म्हणून रंग, आवाज आणि गर्दी, तिन्ही एकदम.

याच तीन गोष्टी शिकाऱ्याचं काम सोपं करतात. आवाजाच्या दिशेने गेलं की झालं. पिवळा रंग टॉर्चच्या उजेडात चमकतो. डोळ्यांवर झोत पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो, आणि मागचे पाय धरून तो पिशवीत जातो. रस्त्याकडेच्या काही खानावळींत हे मांस ‘जम्पिंग चिकन’ या नावाने मिळतं. नाव गमतीदार ठेवलं म्हणजे पाप हलकं होतं, अशी समजूत असावी.

नुकसान कुठे होतं ते समजून घ्यायला हवं. शिकार ऐन विणीच्या रात्रींत होते. मादी हजारो अंडी घालणार असते, ती घालण्याआधीच पातेल्यात जाते. ‘बेडूक काय, ढिगाने असतात’ हा हिशेब चुकतो तो इथे. आज दिसणारा ढीग म्हणजे आसपासच्या सगळ्या शेतांतले बेडूक एका खळग्यात जमलेले असतात. तो खळगा एका रात्रीत उपसला की त्या परिसराचं वर्षाचं बियाणंच गेलं.

आणि बियाणंसुद्धा साधं नाही. या जातीचे बेडूकमासे मांसाहारी असतात, दुसऱ्या जातींचे बेडूकमासे आणि पाण्यातले किडे खातात. मोठा बेडूक टोळ, खेकडे, उंदराची पिल्लं, जे तोंडात मावेल ते गिळतो. गिळताना तो डोळे मिटतो त्याला कारण आहे: डोळ्यांचे गोळे खाली दबून घास घशात ढकलायला मदत करतात. शेताच्या बांधाला भोकं पाडणारे खेकडे आणि भाताचे किडे यांच्यावर फुकट राखण असते ती ही. पूर्वी भारतातून बेडकांचे पाय मोठ्या प्रमाणावर परदेशी जात. किडी वाढल्या, कीटकनाशकांचा खर्च वाढला, अशी ओरड झाल्यावर 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली.

कीटकनाशकाचा बेडकाशी आणखी एक संबंध आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. श्वासाचं बरंच कामही ओल्या कातडीवरच चालतं. म्हणून फवारलेलं औषध त्याच्या अंगात सरळ शिरतं. फवारणी करायचीच असेल तर पहिल्या पावसाच्या आठवड्यात, पाणी साचलेलं असताना करू नये. तेव्हा औषध पाण्याबरोबर वाहूनही जातं, म्हणजे पैसाही वायाच.

बेडूक पकडणं, विकणं आणि शिजवणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली गुन्हा आहे. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रार करताना जागा, वेळ, गाडीचा नंबर आणि शक्य असेल तर फोटो, एवढं दिलं की वन खात्याला हालचाल करता येते. ‘आमच्या गावात बेडूक मारतात’ एवढ्यावर रात्री कोणी निघत नाही. आणि त्या रात्री शेतातल्या रस्त्याने गाडी नेणाऱ्यांनी वेग कमी करावा. तापलेल्या डांबरावर पाऊस पडला की बेडूक रस्त्यावरच येऊन बसतात.

उडता सरडा आणि कासवाची पिल्लं

या दोघांबद्दल थोडक्यात. उडता सरडा कुळागरातल्या माड-पोफळींवर असतो, पण सालीशी इतका मिसळून जातो की समोर असून दिसत नाही. त्याच्या पाच ते सात बरगड्या अंगाबाहेर लांब वाढलेल्या असतात, त्यांवर पातळ कातडं ताणलेलं. छत्री उघडावी तशा बरगड्या पसरून तो एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. नर गळ्याखालची पिवळी झालर फडकावत असतो, सरडा दिसतो तो बहुधा त्या पिवळ्या झटक्यामुळेच. मादी जमिनीवर उतरते ती अंडी मातीत पुरायला. त्यामुळे पोफळी तोडून मध्ये मोठी मोकळी जागा पडली की त्याची वाट तुटते, कारण तरंगताना उंची कमी होत जाते आणि समोर झाड नसेल तर तो जमिनीवर येतो. तिथे मांजर आणि कोंबडी वाट पाहतच असतात.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं रात्री वाळूतून वर येतात आणि जिकडे जास्त उजेड तिकडे सरकतात. पूर्वी रात्रीच्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ काही असेल तर ते समुद्राचं पाणी. आता शॅकचे, म्हणजे किनाऱ्यावरच्या खानावळींचे, दिवे असतात. यावर उपाय स्वस्त आहे: समुद्राकडचे दिवे विझवा, नाहीतर खाली झाकून लावा. पिल्लू दिसलं तर उचलून थेट पाण्यात फेकू नका, मोबाइलचा फ्लॅशही नको.

मगर: खाऱ्या पाण्यातली पाहुणी नव्हे, घरचीच

मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा साधारण 15 किलोमीटर लांबीचा आहे. त्यात भरती-ओहोटीचं मचूळ पाणी खेळतं. मगरीची ही जात, दलदलीतली मगर, एरवी गोड्या पाण्यातली मानली जाते. इथे मात्र ती खारफुटीत राहते. मगरींच्या या कुळातल्या जातींना जिभेवर मीठ बाहेर टाकणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्यामुळे त्यांना खारं पाणी सोसतं.

गोव्यातल्या माणसांनी तिची नोंद फार पूर्वी घेतली. फोंडा तालुक्यात दुर्भाट, बोरी अशा गावांत पौष अमावास्येला मानगेथापणी होते. खाजनातल्या चिखलाची मगर थापायची, अंगावर शिंपले खोचून खवले करायचे, मग पूजा. भाव असा की मगरीने खाजनाचा बांध राखावा आणि माणसाला त्रास देऊ नये. खाजन शेतीत समुद्राचं पाणी बांधाने अडवतात आणि मानशीच्या दारांनी आत-बाहेर सोडतात. त्यामुळे मगर, मासा, भात आणि माणूस एकाच बांधाच्या दोन बाजूंना राहतात.

मगर तासन् तास चिखलावर तोंड उघडून पडते ते रागाने नव्हे. तिचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, उन्हात पडून ती गोळा करावी लागते, आणि फार तापू नये म्हणून ती जबडा उघडा ठेवते. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी काठावर मगरी जास्त दिसतात त्या म्हणूनच. ती आळशी दिसते, पण तशी नाही. चेन्नईजवळच्या मगर उद्यानातलं एक निरीक्षण 2013 मध्ये प्रसिद्ध झालं: बगळ्यांची घरटी बांधायची वेळ आली की मगरी नाकाडावर काटक्या तोलून पाण्यात निपचित पडून राहत. काडी न्यायला बगळा आला की झडप.

अंड्यांचं गणित आणखी नाजूक आहे. मादी उन्हाळ्याआधी काठावरच्या भुसभुशीत मातीत खड्डा करून साधारण 25-30 अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी हे अंड्याच्या तापमानावर ठरतं. सुमारे 31 अंशांपर्यंत सगळ्या माद्या, 32 ते 33 अंशांच्या दरम्यान बहुतेक नर, त्याहून वर पुन्हा माद्या. म्हणजे नर तयार होण्याची खिडकी जेमतेम अंश-दीड अंशाची. आतून पिल्लांचा आवाज आला की आई खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. अंडी खायला धरली आहेत असा पाहणाऱ्याचा समज होतो.

या सगळ्याला मऊ काठ लागतो. काठ दगड-काँक्रीटने बांधून काढला की खड्डा करायला जागा उरत नाही. जोरात जाणाऱ्या बार्ज आणि होड्यांच्या लाटांनी काठ ढासळतो, बिळं आणि अंडी वाहून जातात. खारफुटी तोडली की सावली जाते, माती तापते, आणि वरचं तापमानाचं गणित बिघडतं. बांध बांधायलाच हवेत, खाजन पडून राहिलं तर सगळ्यांचंच नुकसान. पण चिखल, पेंढा आणि चिरे वापरून केलेल्या जुन्या पद्धतीच्या बांधात जागा राहते, सलग काँक्रीटच्या भिंतीत नाही.

मगर पाहायला होडीतून नेताना तिला मासे किंवा कोंबडीचे तुकडे टाकण्याचा मोह होतो. टाकू नये. होडी म्हणजे खाणं हे तिच्या डोक्यात बसलं की उद्या ती होडीजवळ येईल, आणि परवा होडेकाराचा हात पाण्यात असेल. काठावर काम करणाऱ्यांनी रोज एकाच जागी, एकाच वेळी भांडी किंवा मासे धुवू नयेत, संध्याकाळनंतर कमरेएवढ्या पाण्यात उतरू नये, आणि माशांची घाण पाण्यात टाकू नये.

याच खाजनांत पाणमांजरांची कुटुंबंही राहतात. बांधावर माशांचे खवले आणि खेकड्याची कवचं असलेली, वास मारणारी विष्ठा एकाच जागी पडलेली दिसली तर ती त्यांची ठरलेली जागा. उदमांजर वेगळं, ते झाडावर चढणारं. नावाच्या या गोंधळात पाणमांजराच्या तक्रारी भलत्याच प्राण्याच्या नावावर जातात.

देवगांडूळ: साप नाही, गांडूळही नाही

पावसात कुळागराची माती उकरताना, शेणखताचा ढीग हलवताना कधी कधी करड्या-जांभळ्या रंगाचं, बोटाएवढं जाड, चकचकीत काहीतरी वळवळतं. बहुतेक वेळा त्यावर फावडं पडतं. हे देवगांडूळ. बेडकांचं चुलत भावंड, म्हणजे उभयचर, पण पाय पूर्ण गेलेलं. 2007 मध्ये सत्तरीतल्या केरी गावातून एका नव्या जातीचं वर्णन झालं आणि तिला गोव्याचंच नाव दिलं गेलं. 2004 मध्ये बोंडला अभयारण्यातूनही एक नवी जात नोंदली गेली. सह्याद्रीच्या या पट्ट्याबाहेर जगात कुठेही नसलेले प्राणी आपल्या पोफळीखाली आहेत.

जमिनीखाली डोळ्यांचा उपयोग नसतो, म्हणून डोळे कातडीखाली झाकलेले असतात. त्याऐवजी डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक इवलीशी सोंड असते, ती बाहेर काढून ते वास आणि चव घेतं. असा अवयव दुसऱ्या कोणत्याही उभयचराला नाही. आई मातीत अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करते. दूरच्या जातींत तर याहून पुढे मजल गेली आहे: केनियातल्या एका जातीची पिल्लं आईच्या पाठीची चरबीयुक्त कातडी खरवडून खातात, आणि ब्राझीलमधल्या एका जातीची आई पिल्लांना दुधासारखा पदार्थ पाजते, हे 2024 मध्ये जाहीर झालं.

मातीआड लपून राहण्याची त्याची युक्ती उत्तम, पण माती हलवणाऱ्यापुढे ती चालत नाही. डोंगर कापताना, चिरेखाणीसाठी वरची माती खरवडताना, पालापाचोळा जाळून कुळागर साफ करताना देवगांडुळं मरतात आणि कोणाला कळतही नाही, कारण ती तिथे होती हेच ठाऊक नसतं. वाघ गेला तर पायाचे ठसे तरी बंद होतात.

ओळख सोपी आहे. अंगावर कड्यांसारख्या गोल घड्या आहेत, पण सापासारखे खवले दिसत नाहीत आणि दुभंगलेली जीभ बाहेर येत नाही: देवगांडूळ. घड्या आहेत, पण जबडा नाही आणि अंग ताणून लांब-आखूड होतं: साधं गांडूळ. अंगभर चकचकीत बारीक खवले आणि कड्या नाहीत: वाळा साप, तोही बिनविषारी. देवगांडूळ माणसाला चावून विष देत नाही.

सापडलं तर हात आधी पाण्याने ओले करून घ्यावेत, कारण कोरड्या हातावरचं मीठ आणि धूळ त्याच्या ओल्या कातडीला बाधते. साबण, डास पळवणारं मलम लावलेला हात तर नकोच. फावड्यावर मातीसकट उचलून नेलं तर उत्तम. विहिरीत किंवा व्हाळात टाकू नये. जिथे खणणं चालू नाही अशा सावलीतल्या ओलसर पाचोळ्यावर ठेवावं आणि वर मूठभर सुटी माती टाकावी. डोकं खाली खुपसून ते आपलं आपण नाहीसं होतं.